कळंबोलीचं मलावी

आफ्रिकन सिक्लिड माशांना राहायला जगातली सगळ्यात चांगली जागा म्हणजे मलावी सरोवर. त्याखालोखाल कळंबोलीचा नंबर लागतो. हे मी पूर्ण शुद्धीवर असताना लिहितोय आणि माझ्याकडे लोखंड, दगड आणि टँकर असे तीन भक्कम पुरावे आहेत.

आधी लोखंड. पहिलीच वेळ असेल तर टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच घ्यावी, असं जाणकार सांगतात. तिच्यात अडीचशे लिटर पाणी मावतं. पाण्याचेच अडीचशे किलो, वर काच, दगड, रेती. मामला साडेतीनशेच्या घरात जातो. टीव्हीच्या शोकेसवर किंवा लग्नात आलेल्या दिवाणावर हे वजन ठेवून भागत नाही. लोखंडी अँगलचा स्टँड लागतो, आणि तोही भिंतीला लागून, जमल्यास खाली बीम असेल अशा जागी. दादर-गिरगावच्या माणसाला हा स्टँड कुठून आणावा असा प्रश्न पडत असेल. मुंबईतल्या कर्नाक बंदराचा नि दारूखान्याचा लोखंडाचा व्यापार सिडकोनं कळंबोलीत हलवला, तेव्हापासून आमच्याकडे चांगला पाव शोधावा लागतो, अँगल शोधावा लागत नाही.

वेल्डिंगवाल्यानं विचारलं, "काय ठेवणार वर?"

"मासे."

"वजन?"

"साडेतीनशे किलो."

त्याच्या डोळ्यांसमोर नेमका कोणता मासा उभा राहिला देव जाणे, पण त्यानं पोऱ्याला हाक मारून पन्नास-सहाचा अँगल काढायला सांगितला. स्टँड घरी आला तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी तो बोटानं ठोकून बघितला आणि म्हणाले, "बिल्डिंग गेली तरी हा राहील." मग आपणच काय बोललो ते लक्षात येऊन ते लगबगीनं खालच्या फ्लॅटचं छत बघायला गेले.

दुसरा पुरावा दगड. मलावी सरोवर म्हणजे मुंबई ते पणजी एवढी लांबी आणि सातशे मीटर खोली असलेला गोड्या पाण्याचा समुद्रच. पण त्यातले म्बुना नावाचे सिक्लिड सगळा पसारा सोडून काठाजवळच्या खडकांत राहतात. त्यामुळे त्यांच्या टाकीत वनस्पती, बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या, पडका किल्ला वगैरे चालत नाही. दगड लागतो, आणि भरपूर लागतो. पनवेल परिसरात उभं राहून दगड मिळत नाही म्हणणाऱ्याला डोंगरांनी हसावं. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट आणावा, घासून धुवावा, त्यावर लिंबू पिळावं, फसफसलं नाही म्हणजे तो पाण्यात काही सोडणार नाही असं समजावं. दगड आधी रचायचा आणि रेती मागाहून ओतायची. उलटं केलं तर हे मासे खालून रेती उपसतात आणि वरचा दगड काचेवर येतो.

हे दगड गोणीतून जिन्यानं वर नेताना वॉचमन काही बोलत नाही, नुसता वहीत नोंद करतो. आमच्या आईनं एक गुळगुळीत काळा गोटा बाजूला काढून ठेवला होता. त्याला हळदकुंकू लागायच्या आत मी तो टाकीत घातला.

टँकरचा पुरावा मात्र सविस्तर द्यावा लागेल, कारण कळंबोलीची बाजू तिथेच जिंकते.

मलावीचं पाणी अल्कधर्मी, क्षारही धरून असलेलं. पीएच आठच्या आसपास, कधी त्याहून वर. तांगानिका सरोवराचा तर नऊपर्यंत चढतो. आमच्या नळाला येणारं धरणाचं पाणी म्हणजे डोंगरावर पडलेला पाऊस. त्यात क्षार औषधापुरतेच. माणसाला ते गोड लागतं, डाळ त्यात पटकन शिजते. सिक्लिड मात्र त्यात मलूल होतो आणि रंग टाकतो. मग त्याच्यासाठी पाणी मुद्दाम बिघडवावं लागतं. फिल्टरमध्ये पोवळ्याचा चुरा नाहीतर शिंपले भरायचे, एप्सम सॉल्ट घालायचं, खायचा सोडा घालायचा. सोड्याचा डबा स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आला की ढोकळा बसतो आणि मासे उठतात. यावर आमच्या घरी दोन मतं आहेत आणि एक मत नेहमी जिंकतं.

पण मे महिन्यात नळ रुसतो आणि सोसायटी टँकर मागवते. टँकर बोअरचा. त्या पाण्यानं बादलीला पांढरी किनार धरते, गिझर दम तोडतो, डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाणा सोडत नाही आणि शॅम्पूला फेस येत नाही. अख्खी बिल्डिंग कपाळाला हात लावून बसलेली असते. अशा वेळी एक माणूस खाली येतो, टँकरच्या पाइपमधलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेतो, त्यात थेंब मोजून घालतो, नळी उन्हात धरतो आणि म्हणतो, "वा! काय पाणी आहे!" या माणसाला सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पुढे कुणी बोलू देत नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, म्हणून त्यात हायपोचे खडे विरघळवायचे, एवढं सांगून पाण्याचा विषय संपवतो. हीटरबद्दल तर बोलायलाच नको. दुकानदार तो आग्रहानं विकतो. या माशांना पंचवीस-सव्वीस अंश लागतात आणि आमच्याकडे एप्रिलनंतर टाकीवर पंखा लावावा लागतो.

एवढं झालं की टाकी भरते, दिवा लागतो, फिल्टर घुरघुरतो, आणि मासे आणायचे नसतात. मराठी कुटुंबव्यवस्थेची खरी परीक्षा इथे होते.

कारण असं की माशांच्या अंगातून अमोनिया सुटतो. त्याचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यावे लागतात, आणि ते सावकाश येतात, महिना-दीड महिना घेतात. पाणी जितकं अल्कधर्मी तितका अमोनिया जहाल, त्यामुळे गोल्डफिशवाला एकवेळ नशिबावर तरून जाईल, सिक्लिडवाल्याला ती सोय नाही. बरं, मासे नसताना या जिवाणूंना खायला काय घालायचं? जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे कोळंबीचा एक तुकडा पाण्यात टाकून कुजू द्यायचा.

बाजारात मासळीवाल्या मावशीसमोर उभं राहून एक कोळंबी मागायला छाती लागते.

"एक वाटा?" मावशीनं विचारलं.

"एक नग."

मावशीनं सुरी खाली ठेवली. "मांजरासाठी का?"

"नाही, पाण्यात कुजवायचीय."

तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग कोळंबी फुकट दिली आणि हळू आवाजात विचारलं, "भाऊ, घरी समदं ठीक हाय ना?"

पुढचे आठवडे घरी पाहुण्यांची रीघ लागते, कारण टाकी आणल्याची बातमी कामोठे-खारघरपर्यंत पोचलेली असते. पाहुणे चहाचा कप हातात धरून काचेला नाक लावतात. या दगडामागे बघतात, त्या दगडामागे बघतात. मासा दिसत नाही. आपल्यालाच दिसत नाही की काय अशी शंका येऊन एखादे काका चष्मा पुसतात. "लाजाळू आहेत वाटतं," असं एक मावसबहीण म्हणाली होती. शेवटी कोणीतरी उघड विचारतं, आणि आई शांतपणे सांगते, "मासे यायचेत अजून. आधी जंतू आणलेत." त्यानंतर चहा अर्धा राहतो.

मग एके दिवशी टेस्ट किटमधला अमोनियाचा हिरवा रंग पिवळ्यावर येतो, नायट्राइटचा जांभळा उतरतो, आणि रविवारी सकाळी मानसरोवर स्टेशनवरून हार्बर पकडून कुर्ल्याला जायचा दिवस उगवतो. कुर्ला पश्चिमेला रविवारी सकाळी रस्त्यावर रंगीत माशांचा बाजार भरतो. पिशव्या टांगलेल्या, पिशव्या मांडलेल्या, पिशव्या पायाखाली. त्या गर्दीत शिरलेला माणूस घरून काय ठरवून आला होता हे विसरतो. तरी एक लक्षात ठेवावं की रविवारी मासे मिळतात आणि रविवारीच मेगाब्लॉक असतो. पिशवीत ऑक्सिजन भरलेला असल्यामुळे मासा काही तास तग धरतो, फलाटावरच्या माणसाची तशी काही व्यवस्था नाही.

तिथे 'आफ्रिकन मिक्स' नावाचा माल असतो. दोन-दोन इंचांची पिल्लं, सगळी गोजिरवाणी, सगळ्यांचा भाव एकच. त्यातलं पिवळ्यावर काळे पट्टे असलेलं ऑराटस हे पोर मोठं झाल्यावर टाकीत कुणाला जगू देत नाही. निळं दिसणारं केनी नर निघालं तर वयात आल्यावर पिवळं होतं, आणि मुलगी आहे म्हणून घेतलेल्या माशाला मिशा फुटल्यासारखं घर हादरतं. अंगावर जिराफासारखे ठिपके असलेला व्हेनस्टस दहा इंचांचा होतो. "किती वाढतो हा?" या प्रश्नाला दुकानांत एकच उत्तर मिळतं: "टाकी जेवढी, तेवढाच." हे जर खरं असतं तर कळंबोलीतल्या वन रूम किचनमध्ये वाढलेली आमची पिढी साडेतीन फुटांवर थांबायला हवी होती. नवख्यानं यलो लॅब, रस्टी, असेई अशी त्यातल्या त्यात सभ्य मंडळी बघावीत आणि सरळ घरी यावं.

"आफ्रिकेतून येतात का हो हे?" असं शेजारी कौतुकानं विचारतात. यातल्या बहुतेकांच्या कित्येक पिढ्यांनी आफ्रिका बघितलेली नाही. चेन्नईच्या कोलथूरमध्ये नाहीतर आणखी कुठल्या शेततळ्यात त्यांचा जन्म झालेला असतो. मलावी आणि महाराष्ट्राचा खरा संबंध या माशांच्या बराच आधीचा आहे. डेव्हिड लिव्हिंगस्टन 1859 मध्ये त्या सरोवरापर्यंत पोचला. तिथे फिरवायला म्हणून त्यानं 'लेडी न्यासा' नावाची छोटी आगबोट बांधून घेतली. ती सरोवरात कधी उतरलीच नाही. 1864 मध्ये मात्र पठ्ठ्या ती स्वतः चालवत पावसाळ्याच्या तोंडावर झांझिबारहून मुंबईला घेऊन आला आणि बोट इथेच विकली गेली. त्याच्याबरोबर आलेला चुमा नावाचा याओ जमातीचा मुलगा मुंबईत मिशनच्या शाळेत शिकला. जेकब वेनराइट हा दुसरा याओ नाशिकच्या शरणपूरला शिकला. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचा देह शेकडो मैल किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत हे दोघे होते, आणि पुढच्या वर्षी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा आमचा नाशिकचा वेनराइट तिथे हजर होता.

या लिव्हिंगस्टनच्या नावाचा एक सिक्लिड आहे. तो तळाच्या रेतीवर आडवा होतो आणि मेल्याचं सोंग घेतो. लहान मासे लचके तोडायला जवळ आले की त्यांना गट्ट करतो. घरात हे दृश्य पहिल्यांदा दिसलं की रडारड होते. मुलगी शाळेला जात नाही, आई तुळशीच्या कुंडीत खड्डा घेते, आणि जाळी पाण्यात घातली की मयत उठून चालू लागतं.

आता मासे टाकीत सोडल्यावरची गंमत. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की गर्दी वाईट, मोकळी जागा चांगली. सिक्लिडमध्ये हा हिशेब उलटा चालतो. चार फुटी टाकीत ऐसपैस राहू द्यावं म्हणून दोन नर ठेवले तर काही दिवसांत एकच ऐसपैस राहतो. पाच ठेवले तर एक दादा होतो आणि सगळ्यात किरकोळ माशाला कोपऱ्यात घेतो. वीस ठेवले तर टाकी नांदती होते. दादा एकाच्या मागे धावतो, तेवढ्यात दुसरा त्याच्या कपारीत शिरतो, तो परत वळतो तर तिसरा समोरून जातो. कुणाकुणाला म्हणून मारणार? मार सगळ्यांत वाटला जातो आणि कुणीच मरत नाही. अर्थात त्यासाठी फिल्टर दुप्पट लागतो, दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं लागतं आणि एका नरामागे तीन-चार माद्या लागतात.

आमच्या सोसायटीत पार्किंगचं असंच आहे. जागा नऊ, गाड्या सतरा. सुरुवातीला गाड्या तीनच होत्या, तेव्हा दोन कुटुंबांत बोलणं बंद झालं होतं आणि प्रकरण पोलीस चौकीपर्यंत गेलं होतं. आता रोज सतराजण एकमेकांना थोडं थोडं बोलतात आणि गणपतीला एकत्र आरती म्हणतात. माशांत एखादा नर फारच माजला तर जाणकार सगळे दगड काढून नव्यानं रचतात. जुन्या कपारी मोडल्या की सगळ्यांचे हक्क एकदम संपतात, दादा स्वतःचं घर शोधत भोवळल्यासारखा फिरतो आणि दोन दिवस शांतता नांदते. सेक्रेटरींना मी हे दाखवलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण त्या रविवारी ते हातात चुन्याची बादली घेऊन पार्किंगमध्ये उतरले आणि जुने पट्टे पुसून नवे आखू लागले. त्याचं पुढे काय झालं तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

खाण्याच्या बाबतीत आईचं आणि म्बुनांचं चांगलं जमलं. हे मासे खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे. आतडं लांब, त्यामुळे मांसाहार सोसत नाही. गांडुळं, ट्युबिफेक्स असलं खाऊ घातलं की पोट फुगून दगावतात. त्यांना स्पिरुलिनाचे दाणे, उकडलेला पालक, सोललेला वाटाणा द्यायचा, तोही बेतानं, आणि आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. "उपास करतात?" आईनं विचारलं आणि तिथल्या तिथे गुरुवार लावून दिला. जिथे रविवारी दारोदार कालवणाचा वास सुटतो त्या आगरी-कोळ्यांच्या मुलखात आमच्या घरचे मासे तेवढे माळकरी निघाले. स्वतःची पिल्लं तेवढी ते खातात. ते आईला सांगितलेलं नाही.

पिल्लांवरून आठवलं. एक दिवस एका यलो लॅब मादीनं जेवण सोडलं. गाल सुजले, दगडाआड जाऊन बसली. बघायला आलेल्यांपैकी एकानं दाताचं दुखणं सांगितलं, एकानं गालगुंड. वास्तविक तिच्या तोंडात अंडी होती. या जातीची मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलते. नराच्या खालच्या पंखावर अंड्यांसारखे ठिपके असतात. राहिलेली अंडीच समजून ती तेही उचलायला जाते, आणि त्या गडबडीत तोंडातल्या अंड्यांचं फलन होतं. पुढे तीनेक आठवडे ती तोंडात मूग धरून बसते ते थेट पिल्लं पोहायला लागेपर्यंत. त्या काळात आमच्या घरी तिच्यासमोर मोठ्यानं बोलायची बंदी होती. आईनं तर टाकीजवळ बसून तिला आमच्या सगळ्यांच्या जन्माच्या हकिकती ऐकवल्या.

पिल्लं झाली, ती वेगळ्या टाकीत वाढली, आणि मग ती द्यायची कुणाला हा प्रश्न आला. "गाढी नदीत सोडून ये," असं अनेकांनी सुचवलं. ते करायचं नाही. मोझांबिकचा तिलापिया हाही आफ्रिकन सिक्लिडच. तो 1952 मध्ये भारतात आणला, आणि आज तो तळ्याधरणांत कुठवर पसरलाय ते उजनीच्या काठावर चिलापीचं कालवण ओरपणाऱ्याला विचारावं. आपल्याकडे सिक्लिडच्या स्वतःच्या जाती नाहीत असंही नाही. गोव्यातला काळुंदर हा त्यांचाच भाऊबंद आणि चवीला फर्मास. पाहुण्यांनी येऊन त्याच्या जागेवर बसायचं काही कारण नाही.

म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर निरोप टाकला: पिल्लं द्यायची आहेत, फुकट. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी वही घेऊन आल्या. फेंगशुईत आठ सोनेरी आणि एक काळा मासा शुभ असतो म्हणे.

"आठ पिवळे आणि एक काळा द्या, भावजी."

"काळा नाही वहिनी, गर्द निळा आहे."

"चालेल. रात्री काळाच दिसेल."

"पण नऊ ठेवले तर मारामाऱ्या करतील. नेणार असाल तर वीस न्या, आणि टाकी चार फुटी घ्या."

"वीस?" वहिनींनी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला, भागाकार केला आणि स्क्रीनकडे बघत राहिल्या. "काळे दोन येतात, आणि वर थोडा उरतो," त्या म्हणाल्या. "तो उरलेला कुठल्या दिशेला ठेवायचा, ते वास्तुवाल्यांना विचारून सांगते."